बांधून ठेवलेली वजनं

१२ ऑक्टोबर

दादा,

नमस्कार, खुशाली, तब्येतीची चौकशी, सगळं नेहमीच्या जागी आहे असं समज आणि थेट खालच्या ओळीवर ये. माझा फोन तू उचलत नाहीस. पत्राचं एक बरं असतं, ते वाजत नाही, त्यामुळे तुला ते कापता येत नाही.

मला तुझी मदत हवीय, आणि तीही अभ्यासातली. हसू नकोस. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून केस पिकायला लागले आणि आता भावाला गृहपाठ विचारतेय. यंदा शेवटच्या वर्षाची ऊष्मागतिकी माझ्या गळ्यात आलीय. वायूच्या धड्यापर्यंत गाडी बरी चालते. मग ताणलेली तार येते आणि वर्गाचे चेहरे पडतात. काल मागच्या बाकावरून एकीने विचारलं, "मॅडम, तार एकच, मग तिला दोन दोन विभवं कशाला? एक मुक्त ऊर्जा हेल्महोल्ट्झची, एक गिब्जची. एकीवर भागत नाही का?" सगळे हसले. मीही हसले, कारण प्रश्न चांगला होता.

मी म्हटलं, तारेला आधी विचारायचं, बाई गं, तुझं काय बांधून ठेवलंय? खाली वजन टांगलेलं असेल तर ताण ठरलेला, लांबी मोकळी. तिथे गिब्ज. दोन्ही टोकं आवळून टाकली असतील तर लांबी ठरलेली, ताण मोकळा. तिथे हेल्महोल्ट्झ. मग तू इथे असताना टाकलेल्या ट्रामलाइनचं उदाहरण दिलं. ट्रामच्या डोक्यावरची तार, तिच्या टोकाला कप्पी आणि कप्पीवरून खांबाला लटकणारी लोखंडी चकत्यांची चळत. ऊन पडलं की तार लांबते, चकत्या खाली येतात. गारठा पडला की तार आखडते, चकत्या वर चढतात. ताण आपला तेवढाच. पोरं रोज त्या खांबाला टेकून ट्रामची वाट बघतात, पण वर कुणी पाहिलं नव्हतं.

आता प्रश्न. समज, ती वजनंच कुणी बांधून टाकली. भर उन्हाळ्यात बांधली, आणि हिवाळा आला. पुस्तकातलं उत्तर मला येतं. मला खऱ्या तारेचं हवंय, वरून घासलेल्या, मधे जोड दिलेल्या. किती गारठा सोसेल ती?

सहज विचारतेय. उत्तर दोन ओळींत दिलंस तरी चालेल.

हे बरे आहेत. तुझा विषय निघत नाही, त्यामुळे घरात शांतता आहे.

चिंगी


९ नोव्हेंबर

दादा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलं होतं, कारण चुकीचं गणित समोर टाकलं की तुला राहवत नाही. मुद्दाम एखादी चूक करायला हवी होती.

मागच्या पत्रात "सहज" लिहिलं ते खरं नव्हतं.

उन्हाळ्यात इथे काय झालं ते तुझ्या कानावर आलंच असेल, तुमच्या खात्यात अशा बातम्या लपत नाहीत. नाक्यावरच्या इस्त्रीवाल्याची मुलगी. पाच वर्षांची. कडक ऊन होतं, तार लांबलेली, चकत्या अगदी खाली उतरलेल्या, पोरीच्या हाताला येतील इतक्या. ती चकतीवर बाहुली बसवून झोका देत होती. ट्राम आली, तारेला हिसका बसला, चळत वर उडून खाली आली. दोन बोटं गेली.

हे तेव्हा नाक्यावरच होते. तिला उचलून इस्पितळात यांनीच नेलं. घरी आले ते शर्ट न बदलता बाल्कनीत बसून राहिले. मी पाणी दिलं तर म्हणाले, "तिने मला विचारलं, काका, बाहुली कुठाय?" बस, एवढंच. त्यानंतर महिनाभर या माणसाने धड जेवण केलं नाही.

आणि त्याच आठवड्यात यांनी हुकूम काढला, तू गेल्यापासून लाइन यांच्याच हातात आहे ना. शहरातली सगळी वजनं, कप्पीवरचा दोर आखूड करून, वर घ्यायची, हाताला लागणार नाहीत अशी, आणि खांबात आरपार बोल्ट मारून टाकायचे. जाळ्या बसल्या की खोलू म्हणाले होते. मोठ्या साहेबांनी पाठ थोपटली. तक्रारी बंद, कप्प्यांना वंगण नको, वर माणूस चढवायला नको. जाळ्यांची मग कुणाला घाई?

मला हे माहीत नव्हतं. घरी कामाचं बोलायचं नाही हा आमचा नियम, आणि तो कुणामुळे पडला ते तू जाणतोस. मला कळलं ते आमच्या स्टॉपवर. सप्टेंबरात खालच्या चकतीशेजारी खांबावर गंजाचा एक ओघळ पाहिला होता. परवा सकाळी पहिल्यांदा शाल घ्यावी लागली, तोंडातून वाफ येत होती, आणि चकती त्याच ओघळाशी होती. तसूभर हललेली नाही. मी ट्राम सोडून दिली. पुढच्या स्टॉपपर्यंत चालत गेले. तिथेही तेच. तिसऱ्या खांबाच्या चकत्यांमध्ये कोळ्याने जाळं विणलं होतं, आणि ते शाबूत होतं.

दादा, आपण लावलेली वस्तू कोळ्याला भिंत वाटू लागली तर समजावं, ती काम करत नाही.

रागावायचं तर माझ्यावर रागाव, पण लिही.

चिंगी


२८ नोव्हेंबर

दादा,

आई म्हणायची, तुटेपर्यंत ताणू नये. या एका वाक्यावर मी दोन तासिका घेते. घरात मात्र तिचं ऐकलं नाही.

मी यांना सरळ विचारलं, "बोल्ट कधी खोलणार?" यांनी चहा खाली ठेवला. "तुला कुणी सांगितलं?"

"कोळ्याने."

पहिल्यांदा चेष्टेवर नेलं. "तुझ्या तारेला थंडी वाजत असेल तर स्वेटर विण तिला." मी आकडे मांडले. दर अंशामागे ताण किती वाढतो, उन्हाळ्याच्या दुपारपासून हिवाळ्याच्या पहाटेपर्यंत अंश किती उतरतात. ऐकता ऐकता यांचा चेहरा बदलत गेला, पण मला हवा तसा नाही. म्हणाले, "हा तुझा आवाज नाही. तुझा भाऊ बोलतोय तुझ्या तोंडून. इथून निघून गेला तरी माझ्या डोक्यावरून उतरायला तयार नाही."

"त्याने एका पत्राचंही उत्तर दिलेलं नाही."

"म्हणजे लिहितेस त्याला?"

मग दोन दिवस आम्ही फक्त किल्ली, दूध आणि दार एवढ्याच विषयांवर बोललो.

तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेवू नका, दादावर तर मुळीच नको. माझ्या प्रयोगशाळेत या आणि तारेला विचारा. आले. ऑफिसच्या बुटांनिशी शेवटच्या बाकावर बसले, गैरहजेरी लागू नये म्हणून आलेल्या मुलासारखे. मी तांब्याची बारीक तार घेतली. आधी एका टोकाला वजन टांगलं, तार छेडली, मग तिच्यावर बर्फाचं पाणी सोडलं. वजन केसभर वर सरकलं, सूर तोच. "पाहिलंत? ताण तोच." मग तार दिव्याने तापवली, तापलेली असतानाच दोन्ही टोकं शिकंज्यात आवळली. दिवा विझवला. छेडत राहिले. सूर आपोआप चढत गेला, कुणी हात न लावता. अख्ख्या खोलीत तेवढाच आवाज. मग मी बर्फाचं पाणी सोडलं.

आणखी एक गोष्ट सांगायची ठरवली होती, जी वर्गाला फार आवडते. धातूची तार झटकन ताणली तर ती स्वतः किंचित गार पडते, आणि ती किती गार पडते यावरूनच कळतं की बांधून ठेवून गार केली तर ती किती ओढेल. दोन वेगळ्या गोष्टी, पण विभवाच्या गणितात एकाच घरातल्या सख्ख्या बहिणी. ते सांगायची वेळच आली नाही. तार तुटली. माझ्या मनगटावर एक ओरखडा आला, आणि एक टोक माझ्यामागच्या फळ्यावर सप्पकन बसलं.

हे उठले. माझ्या मनगटाला रुमाल बांधला. बराच वेळ फळ्यावरची ती पांढरी रेघ बघत होते. "यात जोड नव्हता," म्हणाले. "नाही, नवी कोरी होती." "माझ्या लाइनवर कोर्टाच्या गल्लीत तीन जोड आहेत." आणि निघून गेले.

तुझं उत्तर आता मला वादासाठी नको. पुढे काय करायचं त्यासाठी हवंय.

चिंगी


१४ डिसेंबर

दादा,

घाईत लिहितेय, तास आहे.

हे मोठ्या साहेबांकडे गेले होते. दोन दिवस ट्राम बंद ठेवा, सगळे बोल्ट काढतो, म्हणाले. साहेब म्हणाले, "थंडी काय यंदा पहिल्यांदा पडतेय?" हे म्हणाले, "वजनं यंदा पहिल्यांदा बांधलीत." साहेबांनी विचारलं, कुणी बांधली? मग साहेबांनीच मार्ग काढला. ट्राम बंद होणार नाहीत, तुमच्या माणसांना जमेल तसं, गर्दी नसताना उरका, आणि याचा गाजावाजा नको.

त्याच संध्याकाळी यांनी मला विचारलं, "बोल्ट काढला की काय होईल?" लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने मला कामातलं पहिल्यांदाच काही विचारलं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

कारण त्याचं उत्तर मला माहीत होतं. तार आता वजनांपेक्षा कितीतरी जास्त ओढतेय. बोल्ट निघाला की ती चळत वर फेकली जाईल, आणि मधे जे असेल त्याला घेऊन जाईल. वर्गात मी सांगते, मुक्त ऊर्जा म्हणजे तारेकडून जास्तीत जास्त किती काम निघेल त्याचा हिशेब. मुलं "मुक्त" ऐकून मोकळ्या हवेत फिरणारं काहीतरी डोळ्यांपुढे आणतात. ती मोकळी नसते दादा, ती दबा धरून बसलेली असते.

मी सांगितलं, पहाटे हात लावायचा नाही. भर दुपारी, तार उन्हात तापून सैल झाली की चेन-पुलीने ताण आधी आपल्याकडे घ्यायचा, मग बोल्ट. आणि वीज बंद. यांनी पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. तूही हेच सांगितलं असतंस ना? मला एका माणसाने फक्त "हो" म्हणायला हवं होतं. मी तुला सलग चार वेळा फोन केला.

काम सुरू झालंय. दुपारी तासभर मिळतो, प्रत्येक टोळीचे एखाद-दोन खांब होतात. पूर्वी घरी आल्यावर हे बूट काढायचे. आता आधी बाल्कनीत जाऊन तापमान बघतात. पेपरात रोज येतंय, उत्तरेकडून थंडीची लाट येतेय. नदीकडच्या वळणावरचा खांब रस्त्याच्या बाजूला कलला आहे. त्याच्या बुंध्याशी काँक्रीट तडकलंय. मी रोज त्या भेगेत बोटाचं नख घालून बघते. आज बोट जाऊ लागलं.

चिंगी


२३ डिसेंबर
इस्पितळातून

दादा,

हे वाचले आहेत. आधी ते लिहिते, म्हणजे पुढचं वाचशील.

सगळे खांब झाले होते. नदीकडचा कललेला खांबही झाला, त्या दिवशी घरी येऊन हे पोटभर जेवले, इस्त्रीवाल्याच्या मुलीला नवी बाहुली पाठवू म्हणाले. राहिली होती फक्त कोर्टाची गल्ली. तीन जोडांची.

मी दुपार दुपार घोकत बसले, पण त्या गल्लीत दुपार होतच नाही हे माझ्या ध्यानात आलं नाही. दोन्ही बाजूंना सहा मजली इमारती. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, त्या तारेला दिवसभर उन्हाची एक तिरीप मिळत नाही. भर बाराला तिथल्या दुकानदारांनी शेगड्या पेटवलेल्या असतात. यांनी दोन दुपारी जाऊन बघितलं आणि परत आले. तार हाताला बर्फ लागत होती. थांबायचं म्हणाले. पण तिसऱ्या दिवशीचा अंदाज होता की रात्रीपासून पारा गोठणबिंदूच्या खाली जाणार. म्हणजे थांबलं तर तुटणार, हात लावला तरी तुटू शकते.

सकाळी निघताना मला म्हणाले, "तुझा दुपारचा तास किती वाजता?" मी म्हटलं, का? म्हणाले, "वर्गाला सांग, आज प्रात्यक्षिक आहे." आणि हसले. मला ते हसणं आवडलं नाही. म्हणून मी तास टाकून गेले.

गल्लीच्या तोंडाशी ट्राम उभी करून ठेवली होती, माणसं आत. चालक खिडकीतून ओरडत होता, "साहेब, किती वेळ? लोक मला खातायत!" हे तारेपर्यंत चढवणाऱ्या टॉवर गाडीवर, बरोबर दोघं. वीज यांनी स्वतः बंद करून घेतली होती. चेन-पुली लावली, साखळी एक-एक दात ओढत होते. मी फुटपाथवर उभी. आणि मला तो आवाज आला. छेडलेल्या तारेचा नव्हे. बारीक, कोरडा, दाताखाली खडा यावा तसा. जोडातून.

यांनीही ऐकला. मी यांना त्या दोघांना ढकलताना पाहिलं. अक्षरशः ढकलताना. "उतरा! उतरा खाली, बघता काय!" ते दोघं शिडीवरून घसरत आले. चालकाकडे हात करून ओरडले, "मागे घे!" वीज नसलेली ट्राम मागे कशी घेणार, ते भानच राहिलं नाही. चालक शहाणा, त्याने लोकांना ओरडून खाली वाकायला लावलं.

मग जोड सुटला.

तार पडली नाही. पडते असं आपण म्हणतो. ती परत गेली, आपल्या लांबीकडे, वाटेत जे होतं ते कापत. ट्रामच्या पुढच्या काचा, एका दुकानाची पाटी, टॉवर गाडीचा कठडा. हे कठड्यापाशी होते. वीज असती तर त्या गल्लीत किती माणसं गेली असती, ते मी अजून मनाला मोजू दिलेलं नाही. काच लागून काही जण रक्तबंबाळ झाले, पण सगळे आपल्या पायांनी घरी गेले.

यांचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. शुद्धीवर आले तेव्हा पहिला प्रश्न, "दोघं उतरले?"

मी हो म्हटलं. मग डोळे मिटून म्हणाले, "तुझी दुपार नव्हती तिथे." दोष देत नव्हते. पण माझ्या कानातून ते जात नाही.

चिंगी


८ जानेवारी

दादा,

चौकशी बसलीय. वजनं कुणी बांधली, एवढाच प्रश्न त्यांना पडलाय, आणि त्याचं उत्तर सोपं आहे. मोठे साहेब म्हणतात, मला कल्पना नव्हती. हे खाटेवर पडल्या पडल्या म्हणतात, "हुकूम माझा. बाकी कुणाचं नाव घ्यायचं नाही." नोकरी जाईल, खटलाही होईल म्हणतात. मला त्याचं इतकं वाटत नाही. यांनी ते सगळं आपल्या अंगावर ओढून घेतलंय आणि त्याखाली हे बरे होणार नाहीत, याचं वाटतं. डॉक्टर म्हणतात, जखम भरतेय. मी म्हणते, माणूस भरत नाही.

म्हणून आता ते लिहिते जे मी तुझ्याबद्दल कधी बोलले नाही.

तू इथून गेलास त्याच्या आदल्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते. दार लोटलेलं होतं, बंद नव्हतं. हे म्हणत होते, "चकत्यांना जाळी लाव, पोरं खेळतात तिथे." तू म्हणालास, जाळी लावली तर चकत्या अडकतील, देखभाल वाढेल, आणि रस्त्यावरच्या पोरांकडे लक्ष द्यायला त्यांचे आईबाप आहेत. हे चिडले. मग तू जे बोललास ते नवऱ्याला कुणी बोललेलं बायकोला ऐकवत नाही. तू म्हणालास, तारमिस्त्रीला बढती दिली की तो स्वतःला इंजिनिअर समजतो.

दुसऱ्या दिवशी तू गेलास, आणि जाळीशिवायची लाइन यांच्या हवाली केलीस. यांनी हे कुणालाही सांगितलेलं नाही. इस्त्रीवाल्याच्या मुलीनंतरही नाही.

तू चौकशीवाल्यांपुढे येऊन एवढंच सांग, की जाळी मागितली होती आणि तू नाही म्हणालास. त्याने यांचा हुकूम बरोबर ठरणार नाही. पण तो वेडेपणातून आला नव्हता, हे तरी कळेल.

सुनावणी पुढच्या मंगळवारी. येशील का म्हणून विचारत नाहीये. ये.

चिंगी


१७ जानेवारी

दादा,

तू आलास.

मी मागच्या रांगेत होते. तू बारीक झालायस. हात कठड्यावर ठेवून बोललास, एकही शब्द पाणी घालून नाही. "जाळीची मागणी माझ्याकडे आली होती. मी नाकारली. मुलीचा अपघात माझ्या आराखड्यामुळे झाला." मोठे साहेब घाम पुसायला लागले. मी बाहेर येईपर्यंत तू गेला होतास. वाटलं, संध्याकाळी घरी येशील. मी दोघांपुरतं जास्तीचं केलं होतं.

काल इस्पितळात गेले तेव्हा यांनी सांगितलं, तू स्टेशनवर जाण्याआधी तिथे गेला होतास, सुनावणीनंतर मी कॉलेजात गेले तेव्हा. खाटेशी खुर्ची ओढून बसलास. मग यांनीच विषय काढला, "माझी बायको तुला इतकी पत्रं लिहीत होती. एक ओळ टाकायची होतीस." आणि तू म्हणालास, "काय लिहिणार होतो? उन्हाळ्यात तुमच्याकडच्या त्या इस्त्रीवाल्याच्या मुलीची बातमी आली, त्याच आठवड्यात मीही बोल्ट मारून घेतले. आमच्या सगळ्या लाइनला. सही माझी आहे."

यांनी विचारलं, "काढलेस?"

"आमच्याकडे एवढी थंडी पडत नाही," म्हणालास.

दादा, हे मला सांगताना यांचा आवाज थरथरत होता. स्वतःच्या पायाबद्दल बोलताना तो थरथरला नव्हता. म्हणाले, "त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं, आणि तरी त्याने तेच केलं. म्हणजे ते कळण्याने थांबत नाही." मला आता कळलं, तू माझी पत्रं वाचत नव्हतास असं नाही. तू ती वाचू शकत नव्हतास. प्रत्येक पत्रात मी तुझ्याच खांबांबद्दल लिहीत होते.

पेपर समोर आहे. लाट आता खाली सरकतेय. तुमच्या भागात उद्या-परवा पहाटे, इतक्या वर्षांत पडली नाही अशी थंडी, असं छापलंय.

आज सकाळी तुझ्या घरी फोन केला, वहिनीने उचलला. म्हणाली, "रात्रभर जागेच होते. अंधारातच निघून गेले, लाइनवर." मी विचारलं, बरोबर कोण आहे? म्हणाली, "कुणालाच नेलं नाही. माझं काम आहे म्हणाले."

वहिनीला मी म्हटलं, ताबडतोब कुणालातरी पाठवा, त्याला खाली उतरवा, ऊन चढल्याशिवाय बोल्टला हात लावायचा नाही. ती घाबरून गेली, मला विचारायला लागली, म्हणजे काय होतं? मी तिला काय सांगू? मी सांगितलं, काही होत नाही, नुसतं पाठवा. तुझ्या ऑफिसात फोन केला. वाजत राहिला. तिथे कुणी अजून आलेलं नव्हतं.

आता साडेआठ झालेत. इथे ऊन नुकतंच बाल्कनीत आलंय. तुमच्याकडेही आलं असेल. तुझ्या खांबांपैकी कुठला सावलीत उभा आहे, ते मला माहीत नाही.

मी फोनशेजारी बसून हे लिहितेय. तो वाजला तर उचलेन, पत्र इथेच सोडून